आठवी-नववीची पोरं परक्या संगीताला हसतात, मग जागतिक संगीत शिकवायचं तरी कसं?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही आठवी-नववीला संगीत शिकवता, वर्गात पन्नासेक मुलं, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलंय की यंदा जागतिक संगीताचा उपक्रम घ्या, आठ तासिका, त्यातून मुलांमध्ये इतर संस्कृतींबद्दल संवेदनशीलता वाढली पाहिजे आणि ती वाढली हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. तुम्ही पहिल्याच तासाला मंगोलियाचं ते गळ्यातून घोगरं गायचं गाणं लावलं, पोरं हसून हसून बाकावर आडवी झाली, एकाने नक्कल केली आणि ती नक्कल आता शाळाभर फिरतेय. आणि तुम्ही विचारताय की असं ऐकवून खरंच काही होतं का, की उलटच होतं.

होतं. आणि उलटही होतं. मी बावीस वर्षं शाळेत संगीत शिकवतेय, दोन्ही बघितलंय, आणि उलटं जे झालं ते माझ्याच हातून झालंय म्हणून तिथूनच सुरू करते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे स्नेहसंमेलनाला 'वसुधैव कुटुंबकम्' अशी थीम होती, प्रत्येक वर्गाला एक खंड, माझ्या नववीला आफ्रिका आली. आता आफ्रिका म्हणजे चोपन्न देश, शेकड्यांनी भाषा, आणि आम्ही काय केलं तर सुतळीचे घागरे, पुठ्ठ्याचे भाले, तोंडाला काळा रंग आणि गाणं म्हणून कुठलंतरी झिंगालाला. गाणं मीच निवडलं, नाचही मीच बसवला. वन्स मोअर मिळाला, पालकांनी शिट्ट्या मारल्या, मीपण खूश. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एका सावळ्या मुलीचं नाव 'आफ्रिका' पडलं आणि दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत ते तसंच राहिलं. तिने मला कधी काही म्हटलं नाही. तिची आई एकदा भाजीबाजारात भेटली, बोलता बोलता एवढंच म्हणाली, बाई, त्या नाचापासून पोरगी उन्हात जात नाही.

तेव्हापासून मी कार्यक्रमासाठी 'देश' बसवणं बंद केलं. त्या नाचात चूक फक्त रंगाची नव्हती, हे कळायला मला आणखी काही वर्षं गेली. चूक ही होती की आम्ही त्या खंडातला एक ठेकासुद्धा शिकलो नव्हतो. शिकायला लागलो असतो ना, तर आधी जमलाच नसता, आणि जे आपल्याला जमत नाही त्याला रानटी म्हणणं जरा कठीण जातं. माझं सगळं उत्तर या एका वाक्यावरच उभं आहे, बाकी तपशील.

आता हसण्याबद्दल. पहिली-दुसरीला काहीही लावा, पोरं नाचतात. डेव्हिड हारग्रीव्ह्ज म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८२ साली यासाठी शब्दच काढला होता, आपण त्याला 'उघडे कान' म्हणू, म्हणजे लहान मुलांचे कान नव्या आवाजाला उघडे असतात आणि दहा-अकराच्या पुढे मिटायला लागतात. आठवी-नववी म्हणजे पार मिटलेले, कारण या वयात तुम्ही काय ऐकता यावर तुमचा ग्रुप कुठला ते ठरतं, रॅप ऐकणारे वेगळे, के-पॉपवाल्या मुली वेगळ्या, डीजेवाले वेगळे. त्यात तुम्ही मंगोलिया लावला की पोरगा हसतो ते मंगोलियाला नाही, शेजारच्याला कळवतो की माझा याच्याशी काही संबंध नाही बरं का. म्हणून हसलात तर बाहेर काढीन वगैरे म्हणू नका, त्याने फक्त हसू दाबलं जातं आणि मधल्या सुट्टीत दुप्पट बाहेर येतं.

मी ते गाणं अजूनही लावते, पण पहिल्या तासाला त्यावर शिकवत नाही. पहिल्या तासाला तंबोरा. पंचम, दोन जोड आणि खर्ज अशा चार तारा, नीट मिळवलेला, जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, चांगली असलेला. दिवे-पंखे बंद करायचे, हो पंखेपण, आणि तीन-चार मिनिटं नुसता छेडायचा. मग विचारायचं कुठले कुठले स्वर ऐकू येतात. सा, प सगळे म्हणतात. मग एखादी मुलगी, बहुतेक जी कधी बोलत नाही तीच, म्हणते बाई, ग पण येतोय. आता गंधाराची तारच तंबोऱ्याला नाहीये! तरी येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या तारेच्या पोटातून निघतो, तार एका वेळी अख्खी थरथरते, अर्ध्यातही, तिसऱ्या भागातही, आणि पाचव्या भागात थरथरते तो हा ग. जमलं तर विज्ञानाच्या सरांना दहा मिनिटं बोलवा, त्यांना असल्या गोष्टी सांगायला कोणी बोलावत नाही, आनंदाने येतात.

दुसऱ्या तासाला मुलांनाच तंबोरा करायचं. खालच्या पट्टीत एक स्वर धरा, सोडू नका, आणि तोंड अगदी हळू हळू फिरवत न्या, ऊ ओ आ ए ई, मग परत उलटं. एक हात कानामागे धरून ऐकायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांत कोणीतरी ओरडतं की वर शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येतंय. बास. आता लावा तुमचं मंगोलियाचं नाहीतर शेजारच्या, रशियातल्या तुवाचं गाणं आणि एवढंच सांगा की हा माणूस एकटा आहे, वाजतंय ते सगळं त्याच्या एका गळ्यातून येतंय, खालचा एक स्वर त्याने धरून ठेवलाय आणि जीभ-ओठ हलवून तो त्याच स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून मोठे करतोय. कुरणात वाऱ्याचा, नदीच्या पाण्याचा आवाज असतो, त्याची नक्कल करता करता हे गाणं आलं असं तिथले लोक सांगतात, युनेस्कोने २०१० साली मंगोलियाच्या या गायनाला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण ते युनेस्को वगैरे मुलांना नाही सांगितलं तरी चालेल, कारण तोपर्यंत वर्गात वेगळीच शांतता आलेली असते. ज्या पोराने नक्कल केली त्यालाच पुढे बोलवा, पण शिक्षा म्हणून नाही. त्याचा गळा मोकळा आहे म्हणूनच नक्कल जमली, त्यालाच म्हणा, तू शिट्टी काढून दाखव. माझ्याकडे असा एक जण होता, त्याने पुढचे तीन आठवडे बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली, घरच्यांना वाटलं पोराला कफ झालाय.

आता इथे एक खड्डा आहे आणि त्यात हुशार शिक्षक जास्त पडतात, मीही पडले. शिट्टीचे ते स्वर पेटीवर काढून बघितले की आठवा, नववा, दहावा, बारावा असे स्वरांश, म्हणजे त्या एका स्वराच्या पोटातले वरचे स्वर, मिळून सा रे ग प बसतो, पोरं ओरडतात बाई, भूप राग! मग तुम्ही उत्साहात चीनची पाच स्वरांची धून लावता, तीही सा रे ग प ध, पुन्हा भूप! आणि मग तुमच्या तोंडून ते वाक्य निघतं, बघा मुलांनो, संगीताला भाषा नसते, आपण सगळे एकच आहोत. टाळ्या.

हे वाक्य वाईट नाही हो, पण अर्ध्या रस्त्यातलं आहे. मिल्टन बेनेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने माणूस परक्या संस्कृतीकडे कसं बघतो त्याच्या सहा पायऱ्या मांडल्यात, १९८६ साली. आधी ती संस्कृती दिसतच नाही, मग तिची भीती किंवा तुच्छता वाटते, आणि तिसरी पायरी ही, 'शेवटी सगळे सारखेच'. ती तिसरीच आहे, सहावी नाही! पुढच्या तीन पायऱ्यांत फरक दिसायला लागतो, मान्य होतो आणि त्याप्रमाणे आपल्याला वागता येतं. 'सगळे सारखेच' म्हणताना आपण गुपचूप 'सगळे माझ्यासारखेच' म्हणत असतो, आणि समोरचा आपल्यासारखा निघाला नाही की मग राग येतो.

यावर आपल्याकडे घरचंच औषध आहे, मला ते सापडलं तेव्हा फार गंमत वाटली. भूप आणि देशकार. दोघांचेही स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूप रात्रीचा, गंधारावर विसावणारा, आणि देशकार सकाळचा, सगळा जीव धैवतात. देशकार गाताना भूप दिसला तर गुरुजी काय म्हणतात ते तुम्हाला माहितीच आहे. मी दोन्ही वर्गात गाऊन दाखवते आणि विचारते, हे एकच का? नाही म्हणतात पोरं, कान नसलेलीसुद्धा म्हणतात. मग म्हणायचं, अरे आपल्याच घरात तेच पाच स्वर घेऊन दोन वेगळी माणसं राहतात, तर तो चीनचा माणूस त्याची धून वाजवतो ती भूप कशी होईल, तो कुठे थांबतो, कुठला स्वर हलवतो, कशाला महत्त्व देतो ते बघूया ना. इथून ऐकणं सुरू होतं खरं.

बेसूर या शब्दाचंही तेच. जावाचं किंवा बालीचं गामेलान लावलंत, म्हणजे काशाच्या घंटा-पट्ट्यांचा तो सगळा संच, तर गळ्यावर गाणारी मुलं लगेच म्हणतात की हे बेसूर आहे. पेटी काढून त्यांनाच सांगते, लाव याचा सूर. लागत नाही. त्यांच्या एका पद्धतीत सप्तकाचे साधारण सारखे पाच भाग असतात, आपल्या पेटीच्या पट्ट्या त्यांच्या मध्ये कुठेतरी पडतात. शिवाय प्रत्येक संच आपापला लावलेला, एका गावच्या संचातलं वाद्य दुसऱ्या गावच्या संचात घुसडता येत नाही. मग पोरांनाच कळतं की बेसूर आपली पेटीपण आहे, त्यांच्याकडे गेली तर. आणि एक सांगायचं, तिथे वाद्य ओलांडून जात नाहीत, चप्पल काढून बसतात. हे ऐकल्यावर तबल्याला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली मुलं एकदम सरसावून बसतात, इथे 'आपल्यासारखं' म्हटलं तरी माझी हरकत नाही.

पेटीवरून आठवलं. 'बाई, परदेशी कशाला, आपलं संगीत काय कमी आहे' असं एखादा पालक म्हणतोच. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त पेटीची गोष्ट सांगा. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबें नावाच्या माणसाने घेतलं, पायाने भाता मारायचं वाद्य ते, आपण ते खाली बसून हाताने वाजवण्यासारखं करून घेतलं, आणि मग १९४० साली आकाशवाणीने ते परकं म्हणून बंदच केलं, १९७१ पर्यंत! तोवर इथे भजनी मंडळं त्याशिवाय उभी राहत नव्हती. पालक गप्प होतात, कधीकधी हसतातसुद्धा.

आणि 'जागतिक संगीत' हा शब्द. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन नावाच्या प्राध्यापकाने साठच्या दशकात तो शिकवण्यासाठी वापरला होता, पण दुकानात आला तो १९८७ मध्ये, लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली आणि ठरवलं की पॉप-जॅझ-क्लासिकलच्या कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या रेकॉर्डी या नावाच्या कप्प्यात ठेवायच्या. मी मुलांना विचारते, त्या दुकानात आपला अभंग कुठल्या कप्प्यात असेल? आणि मंगोलियावाल्याचा? एकाच कप्प्यात, शेजारी-शेजारी. तुम्हाला तो जेवढा विचित्र वाटला तेवढेच तुम्ही तिथे कोणालातरी विचित्र वाटत असाल. याच्यावर मी पुढे काही बोलत नाही, त्यांना घरी नेऊ देते.

आता सगळ्यात अवघड, आणि खरं सांगायचं तर परदेशापेक्षा हेच महत्त्वाचं. तुमच्या वर्गात हलगी वाजवणाऱ्या घरातलं पोर असेल. नेपाळी वॉचमनची मुलगी असेल, भोजपुरी बोलणारा असेल. मंगोलियाला हसणारी पोरं यांनाही हसतात, फक्त तुमच्यासमोर नाही. हलगी मिरवणुकीत नाचायला चालते, पण वाजवणारा कोण हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते कसं बोललं जातं तेही माहीत असतं. थेट त्यावर भाषण दिलंत तर ते पोर जमिनीत जातं लाजेने. म्हणून मी मॉरिशसवरून फिरून येते. तिथे सेगा म्हणून नाच-गाणं आहे, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम करून आणलेल्या लोकांनी उसाच्या मळ्यांमध्ये जपलेलं. त्यात रावान नावाचं मोठं थोरलं डफासारखं वाद्य असतं, बोकडाच्या कातड्याचं, आणि वाजवायच्या आधी ते शेकोटीवर तापवतात. इथे मी थांबते. व्हिडिओ पॉझ. का तापवत असतील? आणि दरवेळी कोणीतरी बोलतंच, बाई, हलगी पण तापवतात, थंडीत कातडं सैल पडतं म्हणून. कोण बोलतं ते मी आधी ठरवलेलं नसतं, आणि 'तुझ्या घरी वाजवतात ना, तू सांग' असं तर कधीच म्हणत नाही, अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करून एका चौदा वर्षांच्या पोराला उभं करायचं नसतं. पण बोललं तर त्याला वेळ द्यायचा, किती तापवायचं, जास्त तापलं तर फुटतं का, सगळं विचारायचं, खरंच माहीत नसल्यासारखं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

मग उरलेली गोष्ट. सेगाला तिथले वरच्या थरातले लोक आणि चर्च बराच काळ नाकं मुरडायचे, आज तेच त्या देशाची ओळख झालंय, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आणि गुलामी १८३५ मध्ये बंद झाली तेव्हा त्याच मळ्यांवर करार करून मजूर नेले गेले, त्यात आपली मराठी माणसंपण होती, त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे जाखडी नाचतात, तिकडे त्याला झाकरी म्हणतात. कोकणातली मुलं असतील वर्गात तर उड्याच मारतात. या तासानंतर मी लगेच कधी 'तर मग हलगीबद्दल काय' असं विचारलं नाही. एका वर्षी लेझीमच्या सरावाला ढोल फाटला होता तर मुलांनीच त्या पोराला काकाची हलगी आणायला लावली. एका वर्षी काहीच झालं नाही, तेही सांगते.

सादरीकरणाबद्दल थोडक्यात. मुख्याध्यापक शेवटी म्हणणारच की संमेलनात काहीतरी दाखवा, आणि मुलं म्हणणार हाका करूया, न्यूझीलंडच्या रग्बीवाल्यांचा तो मांड्या थोपटून, जीभ काढून केलेला. तो कोणाचातरी आहे हे आधी सांगा. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध 'का माते' हा ते राउपाराहा नावाच्या माओरी सरदाराने साधारण १८२० च्या सुमारास रचला, तो न्गाती तोआ या त्याच्या लोकांचा आहे असं सांगणारा कायदाच तिथे २०१४ साली झालाय. तोंडावर स्केचपेनने गोंदण काढून तो केला तर काय वाटेल याला आपल्याकडे तुलना सोपी आहे, कोणी देवीचा गोंधळ बर्थडे पार्टीत कवड्यांच्या प्लॅस्टिकच्या माळा घालून केला तर तुमच्या आजीला काय वाटेल? माझा नियम असा, पूजेचं, मर्तिकाचं, दीक्षेचं काही स्टेजवर नाही, वेषांतर नाही, साध्या गणवेशात, आणि निवेदनात लोकांचं नाव, गावाचं नाव आणि आम्हाला काय जमलं नाही ते. शेवटचं मुलं फार आवडीने लिहितात.

ठेका दाखवा त्यापेक्षा. घानाच्या एवे लोकांचा बारा मात्रांचा घंटेचा ठेका आहे, सात ठोके, पहिली, तिसरी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी, बारावी. अर्ध्या वर्गाने टाळीने तो धरायचा आणि अर्ध्याने पायाने दर तीन मात्रांनी एक पाऊल. एकताल, म्हणजे आपला बारा मात्रांचाच ताल, येणाऱ्या तबल्याच्या पोरांचा इथे सगळ्यात आधी बोऱ्या वाजतो, कारण ती घंटेत सम शोधत बसतात आणि इथला भार पायात असतो. आम्हाला सहा आठवडे लागले. स्टेजवर दोनदा कोसळला, पालकांनी तरी टाळ्या वाजवल्या, पण मुख्य म्हणजे त्या वर्षी कोणी झिंगालाला म्हटलं नाही.

राहिलं कागदाचं. प्रश्नावली द्या म्हणतील, 'मला इतर संस्कृतींबद्दल आदर वाटतो, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत'. पन्नासच्या पन्नास मुलं पूर्ण सहमत लिहितात, पहिल्या दिवशीच, बाईंना काय हवंय हे त्यांना माहीत असतं. मी काय करते तर पहिल्या तासाला एक मिनिटाचा तुकडा ऐकवते आणि पाच ओळी लिहून घेते, नाव नको, फक्त मागे एक खूण. शेवटच्या तासाला तोच तुकडा, पुन्हा पाच ओळी. पहिल्या कागदावर असतं विचित्र, फनी, बोअर, भुताचा पिक्चर. दुसऱ्यावर मी दोनच गोष्टी मोजते, ऐकलेल्या गोष्टीचं वर्णन किती आणि प्रश्न किती. 'खालचा स्वर सोडत नाही', 'श्वास कधी घेतो?' असं. आवडलं का ते मोजतच नाही, नाही आवडलं तरी चालतं, मलापण सगळं आवडत नाही. हे कागद जोडीजोडीने लावून फाईलला लावा, कुठल्याही तक्त्यापेक्षा साहेबांना पटतं.

आणि अपेक्षा आठ तासिकांएवढीच ठेवा. पोर्तुगालमध्ये सहावीच्या मुलांवर एक अभ्यास झालाय, पोर्तुगीज गाण्यांबरोबर केप व्हर्दीची, म्हणजे त्यांच्या जुन्या वसाहतीची गाणी शिकवली, तर सावळ्या लोकांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि दोन वर्षांनी बघितलं तेव्हाही तो कमीच होता. पण ते शिकवणं सहा महिने चाललं होतं, आणि नुसतं ऐकवलं नव्हतं, गायला लावलं होतं. तुमच्याकडे आठ तास आहेत तर आठ देश करू नका. तीन करा, फार तर चार. पहिले दोन तास तंबोरा आणि गळा, एक गामेलान, दोन मॉरिशस, दोन ठेका, एक कागदांचा.

तंबोऱ्याचं मोबाईलवरचं ॲप चालेल का असं विचाराल, तर नाही चालणार, त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा भरीव नाद येत नाही. मिरजेचा नवा घ्यायला शाळा पैसे देणार नाही हे मला माहितीये, गावातल्या भजनी मंडळाकडे नाहीतर क्लास घेणाऱ्या एखाद्या ताईंकडे आठवड्यासाठी मागा, देतात, जवारीचे दोरे मात्र आपले न्या. आणि रिक्षातून आणताना भोपळा दाराकडे करून ठेवू नका, माझा एक तसाच फुटलाय.